मुलीला सांभाळणाऱ्या बाईंची नेवार्कला (न्यू जर्सी) कोर्टाची तारीख आहे, जावं की नको?

एडिसनकरीण

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज. आमच्या मुलीला सांभाळायला गेली दोन वर्षं एक बाई येतात, इक्वाडोरच्या, ग्वायाकिल शहरातल्या. २०२२ च्या शेवटी बॉर्डरवरून आल्या, तिथेच पकडलं, कागद देऊन सोडलं, मग वर्षाच्या आत त्यांनी असायलमचा, म्हणजे परत गेलं तर जिवाला धोका म्हणून इथे आसरा द्या असा, अर्ज टाकला, पुढे वर्क परमिट आलं, म्हणजे लपूनछपून काहीच नाही. नवऱ्याचं तिकडे किराणा दुकान होतं आणि गुंडांना दरमहा हप्ता. त्या हप्त्याला तिकडे वाकुना म्हणतात, म्हणजे लस! एका महिन्यात लस चुकली आणि नवरा गेला. हे त्यांनी मला पोळ्या लाटता लाटता गूगल ट्रान्सलेटवर सांगितलंय, फोन कणकेने माखलेला, आणि ट्रान्सलेट 'लस' 'लस' करतंय म्हणून मला आधी वाटलं कोविडचं काहीतरी बोलतायत.

तर आता पुढच्या महिन्यात नेवार्कच्या इमिग्रेशन कोर्टात तारीख आहे आणि बाई म्हणतात मी जाणार नाही. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मास्क लावलेले लोक माणसं उचलतायत असे व्हिडिओ त्यांच्या व्हॉट्सॲपवर रोज येतात, चुलतबहीण म्हणते पत्ता बदल आणि गप बस. माझा नवरा म्हणतो आपण एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावाले, ग्रीन कार्ड लटकलेलं, तू यात पडू नकोस. पण पोरगी त्यांना आजी म्हणते हो. वकील आहे पण तो फोनच उचलत नाही. नक्की काय सांगू त्यांना?

कोर्टकाका

ताई, जायलाच हवं. बाकी सगळं नंतर.

मी वकील नाही, रिटायर झाल्यापासून महिन्यातून दोनदा ब्रॉड स्ट्रीटवरच्या, हे कोर्ट असलेल्या फेडरल बिल्डिंगमध्ये लोकांसोबत नुसता बसतो, एवढाच माझा अनुभव, त्यामुळे वकिलाकडून खात्री करून घ्या. तारखेला माणूस नाही आला तर जज गैरहजेरीतच डिपोर्टेशनची ऑर्डर काढू शकतो, मग असायलमचा अर्ज कितीही खरा असो, तो कोणी उघडूनही बघत नाही. ती ऑर्डर उलटवायची तर १८० दिवसांत जायचं आणि कारण जबरदस्त लागतं, भीती वाटली हे कारण चालत नाही. आणि पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला फॉर्म भरून कळवावं लागतं, चुलतबहिणीचा सल्ला म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पण व्हिडिओ खोटे नाहीत हेही सांगतो. मे २०२५ पासून प्रकार असा चाललाय की सरकारी वकील उठतो आणि जजला म्हणतो ही केस डिसमिस करा. लोकांना वाटतं सुटलो! हसत बाहेर येतात आणि दारातच धरतात, कारण केस संपली की त्यांना झटपट डिपोर्टेशनच्या खात्यात टाकता येतं, जिथे जजच नाही. न्यूयॉर्कला २६ फेडरल प्लाझामधल्या इमिग्रेशन कोर्टात तर हे रोजचं झालं होतं. त्यामुळे बाईंना एकच वाक्य पाठ करायला लावा, की माझा डिसमिसला विरोध आहे, मला माझा असायलमचा अर्ज चालवायचाय, लेखी उत्तर द्यायला वेळ द्या. स्पॅनिश दुभाषी कोर्ट देतं, त्याचे पैसे नसतात.

ते झटपट प्रकरण देशात दोन वर्षं पूर्ण न झालेल्यांसाठी आहे (जानेवारी २०२५ मध्ये ते देशभर लागू केलं, ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा कोर्टाने अडवलं, मग सरकार अपिलात गेलं), बाईंना दोन वर्षं कधीच होऊन गेलीत. पण ते सिद्ध करायला कागद हवा. तुमचे जुने चेक, लीज, दवाखान्याची बिलं, तारीख दिसेल असं काहीही, झेरॉक्स काढून पर्समध्ये.

आणि वकिलाला सांगा की वेबेक्सवरून, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, हजर राहायची परवानगी मागणारा अर्ज आत्ताच टाक. मिळतेच असं नाही, आणि मिळेपर्यंत प्रत्यक्ष जायचं असंच धरून चला.

रांगेत१२वर्षं

मला दगड मारा पण बोलतो. मी १२ वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, टॅक्स भरतो, आई आजारी होती तेव्हा परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग अडेल या भीतीने भारतात गेलो नाही. आणि इथे बॉर्डर ओलांडून आलेल्यांसाठी आपण वकील शोधायचे? असायलमच्या नावाखाली काय चालतं सगळ्यांना माहितीये, आपल्याकडचे एजंट ४०-५० लाख घेऊन लोकांना पाठवतात आणि इथे येऊन छापील गोष्ट सांगायला शिकवतात. नियम सगळ्यांना सारखा हवा ना.

प्लेन्सबोरोची_मावशी

रांगेत१२ दादा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, खरंच. एजंटांचंही तुम्ही म्हणता ते खरंय. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला जे लष्करी विमान उतरलं त्यातल्या १०४ जणांत ३ आपल्या महाराष्ट्रातले होते, हातात बेड्या, पायात साखळ्या. एजंट गेला घरी.

पण "नियम" म्हणाल तर बाईंनी नियमच पाळलाय हो. अमेरिकेच्या भूमीवर पोचलेला माणूस, नाक्यावरून आला असो की नसो, असायलम मागू शकतो असं इथल्या कायद्यातच लिहिलंय, १९८० च्या रेफ्युजी ॲक्टपासून. एका वर्षात अर्ज टाकायचा, तो टाकला. गोष्ट छापील आहे का खरी हे ठरवायलाच तर ती तारीख आहे ना? तिथपर्यंत पोचूच द्यायचं नाही आणि वर खोटारडे म्हणायचं, हा कुठला न्याय.

आणि आपली रांग वेगळी, आपण सुरक्षित, या भ्रमात राहू नका. २० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्वाची जी ऑर्डर निघाली ती नीट वाचा, त्यात बेकायदा आलेल्यांची मुलं होतीच, पण आई एच-१बी किंवा एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आणि बाप सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला नाही, अशी मुलंही होती. माझी भाची तेव्हा सातव्या महिन्यात होती, आठवडाभर झोपली नाही. कोर्टांनी अडवलं म्हणून बरं, आणि त्या कोर्टात भांडायला ज्या संस्था गेल्या त्या याच, बाईंसारख्यांच्या केसेस लढणाऱ्या. सप्टेंबरमध्ये एच-१बीची एक लाख डॉलरची फी तर एका शुक्रवारी संध्याकाळी आली, लोक दुबईहून अर्ध्या सुट्टीतून पळत आले.

रांगेत१२वर्षं

एच-४ चा मुद्दा मला माहीत नव्हता. तरी पण रांग ती रांग, माझं मत बदललं नाही.

कोर्टकाका

नसू दे बदललं, मत ठेवा.

ताई, दोन कडू गोष्टी. एक, हप्त्यासाठी नवरा मारला हे भयंकर आहे पण त्यावर असायलम मिळेलच असं नाही. कायद्याला पाचपैकी एक कारण लागतं, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट, आणि निव्वळ गुंडगिरी त्यात सहज बसत नाही. पोलिसात तक्रार केली होती का, साक्ष दिली होती का, गुंडांना तिथल्या कुणाचा आसरा होता का, हे वकिलाने खोदून विचारायला हवं. फोन न उचलणारा वकील हे खोदणार नाही, बदला. फक्त 'नोतारियो' म्हणवणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नका, दक्षिण अमेरिकेत नोटरी म्हणजे मोठा वकील, इथे म्हणजे शिक्का मारणारा, त्या गोंधळावर शेकडो लोक लुटले गेलेत.

दुसरं, धरलंच तर काय. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील बोर्डाने ठरवलं की बॉर्डर चोरून ओलांडलेल्यांना इमिग्रेशन जजने जामीनच देऊ नये. मग राहतं काय, तर फेडरल कोर्टात हेबियस, म्हणजे डांबून ठेवणं बेकायदा आहे असा अर्ज, आणि बऱ्याच जजनी त्यावर लोकांना सोडलंय. पण तो अर्ज माणूस जिथे डांबलाय तिथल्या कोर्टात टाकावा लागतो, रातोरात लुईझियानाला हलवलं की गेलं, म्हणून हेबियस करणाऱ्या वकिलाचा नंबर आधीच ठरवा, बाईंच्या हातावर पेनाने लिहा, फोन काढून घेतात. ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनने त्यांना दिलेला नंबर, तुमच्याकडे लिहून ठेवा, कुठे ठेवलंय हे त्यावरून सापडतं.

घराच्या दाराचं पण सांगतो, कारण त्या दिवसभर तुमच्याकडे असतात. दार उघडायचं नाही, कागद दाराखालून सरकवायला सांगायचा, खाली जजची सही आहे का बघायचं. इमिग्रेशनवाल्यांच्या नेहमीच्या वॉरंटवर त्यांच्याच ऑफिसरची सही असते, तेवढ्यावर घरात घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. आत या म्हणून स्वतः म्हणू नका, आपली सवय असते, आधी पाणी विचारतो.

कोर्टात तुम्ही जाऊ नका, तुमच्या मिस्टरांचं तेवढं बरोबर आहे. सिटिझन कुणीतरी पाठवा. कुणी नाही मिळालं तर मी आहे.

एडिसनकरीण

अपडेट. उशीर झाला, सॉरी. वेबेक्सच्या अर्जाला उत्तरच आलं नाही. काल गेल्या, काका सोबत होते (काका, तुमचे उपकार कसे फेडू!), नवीन वकीलबाईपण होती. साडेआठची वेळ, नंबर लागला पावणेअकराला, आत गेल्या आणि नऊ मिनिटांत बाहेर. डिसमिसचं कोणी काढलंच नाही. पुढची तारीख २०२७ ची. लिफ्टपाशी दोघं जण उभे होते म्हणे, बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही, काकांचा हात धरून सरळ चालत्या झाल्या. घरी आल्यावर कळलं की पाठ केलेलं वाक्य त्यांनी जजला न विचारताच म्हणून टाकलं, जज म्हणाला बरं.

आता असायलमच्या वार्षिक फीची नोटीस आलीये, शंभर डॉलरच्या आसपास. ही खरी असते का फ्रॉड? भरायची कुठे?

कोर्टकाका

फी खरी आहे, जुलै २०२५ च्या कायद्यात आली. पण नोटीस खरी का ते वकीलबाईंना दाखवा, या नावाने फ्रॉडपण फिरतायत. केस कोर्टात आहे म्हणजे कोर्टाच्याच ऑनलाइन पोर्टलवर भरायची, ए-नंबर टाकून. झेलवर (फोनवरून पैसे पाठवायची सोय) कुणालाही पैसे पाठवू नका. पावतीच्या दोन प्रती काढा, एक तुमच्या फ्रिजवर.