मदत हवी आहे: डच भूतकाळ – हेबन की झैन, परफेक्टम की इम्परफेक्टम?

आइंडहोव्हनला येऊन मला तीन वर्षं झाली. डच भाषेची ए२ पातळी झाली, आता त्यापुढच्या बी१ची, म्हणजे स्टाट्सएक्सामेन एनटी-२ या सरकारी डच परीक्षेच्या पहिल्या प्रोग्रामची तयारी चालू आहे. डच शब्द जमतील तसे देवनागरीत लिहितेय. परफेक्टम म्हणजे हेबन (जवळ असणे) किंवा झैन (असणे) हे सहाय्यक क्रियापद लावून होणारा भूतकाळ, इम्परफेक्टम म्हणजे एकाच क्रियापदाचा साधा भूतकाळ.

मागच्या आठवड्यात मुलाला ताप होता. त्याच्या शाळेतल्या बाईंना मी पहिल्यांदाच भाषांतराचं अ‍ॅप न उघडता मेल लिहिली: "खिस्तरन मैन झोन हेफ्त कोर्त्स खहाद. है कोन नीत कोमन ओमदात है वास झीक." (काल माझ्या मुलाला ताप होता. तो येऊ शकला नाही, कारण तो आजारी होता.) बाईंना अर्थ कळला. पण संध्याकाळच्या क्लासमध्ये दाखवली तर दोन ओळींत तीन लाल खुणा! वाईट वाटलं, खरंच.

पहिली खूण कळली. वाक्य 'खिस्तरन'ने, म्हणजे 'काल'ने सुरू झालं की दुसऱ्या जागी क्रियापदच हवं, कर्ता त्याच्या मागे. नियम पाठ आहे, बोलताना निसटतो.

दुसरीची जास्त हळहळ वाटली. ओमदात (कारण) नंतर क्रियापद शेवटी जातं: 'ओमदात है झीक वास'. 'कारण तो आजारी होता', शब्दाला शब्द मराठीचाच क्रम! मी इंग्रजीतून विचार केला आणि घोळ झाला. आता ओमदात आलं की वाक्य आधी मनात मराठीत म्हणते. (वांत म्हणजेही 'कारण', पण त्यानंतर क्रम बदलत नाही: 'वांत है वास झीक'. हे दोन वेगळे ठेवायला मला महिना लागला.)

अडलंय ते तिसऱ्या खुणेशी. 'हेफ्त खहाद' खोडून सरांनी नुसतं 'हाद' केलं. का? बोलताना परफेक्टम वापरा असंच आम्हाला शिकवलं होतं.

आणि दुसरा प्रश्न. परफेक्टममध्ये हेबन की झैन हे ठरवायला मी मराठीचा 'ने' लावून बघते. 'त्याने वाचलं' तर हेबन, 'तो गेला' तर झैन. बऱ्याचदा बरोबर येतं, पण परवा 'है इस खलाखन' (तो हसला) म्हटलं तर ते चूक निघालं. मग ही युक्ती सोडून देऊ का? साध्या भूतकाळात शेवटी -ते लावायचं की -दे, ते ठरवणारा 'त कोफस्खिप' हा नियम मला जमतो. वेर्कते (काम केलं), वोंदे (राहत होते) यात अडचण नाही.

प्रतिसाद

ताई, मेल स्वतः लिहिलीत हेच मोठं काम झालं.

परफेक्टमने बातमी सांगायची, इम्परफेक्टमने चित्र उभं करायचं. सोमवारी ऑफिसात लोक कसे बोलतात ते ऐका: "वै झैन झातरदाख नार स्खेवनिंगन खखान. हेत वास द्रुक एन दे झोन स्खेन." शनिवारी स्खेवनिंगनला (समुद्रकिनाऱ्यावर) गेलो ही बातमी, ती परफेक्टममध्ये. गर्दी होती, ऊन होतं हे वर्णन, लगेच इम्परफेक्टम. शिवाय हेबन, झैन, कुनन (शकणे), मूतन (लागणे, भाग असणे) ही क्रियापदं बोलतानाही बहुतेक वेळा इम्परफेक्टममध्येच येतात, म्हणून 'हाद'. तुमच्या त्याच मेलमध्ये कुननचं 'कोन' तुम्ही आपसूक बरोबर लिहिलं आहे बघा. 'खहाद' व्याकरणात चूक नाही, पण इथे 'हाद' सहज वाटतं.

'ने'ची युक्ती अर्धीच चालते. 'तो हसला', 'तो नाचला' यात ने नाही, तरी डचमध्ये हेबन. उलट 'त्याने सुरुवात केली' यात ने आहे, पण डचमध्ये झैन: 'है इस बखोनन'. त्याऐवजी विचारा: जागा किंवा अवस्था बदलली का? 'तो झोपला' याचे मराठीत दोन अर्थ होतात. झोप लागली असेल तर अवस्था बदलली, 'है इस इन स्लाप खवालन'. झोप काढली असेल तर 'है हेफ्त खस्लापन'. सायकलचंही तसंच. तासभर चालवली तर 'इक हेब एन उर खफीत्स्त', पण उत्रेख्तला गेलात तर 'इक बेन नार उत्रेख्त खफीत्स्त'. ब्लैवन (थांबून राहणे) आणि झैन ही दोन मात्र पाठच करा. तिथे काही बदलत नाही, तरी झैनच लागतं.

मूळ प्रश्नकर्ती

झोपेचं उदाहरण वहीत पहिल्या पानावर लिहिलं! एक वाक्य तपासाल का? "तून मैन झोन झीक वास, कोन इक नीत वेर्कन." (मुलगा आजारी होता तेव्हा मी काम करू शकले नाही.) मधे दोन क्रियापदं शेजारी आली की मला धडधडतं.

प्रतिसाद

अगदी बरोबर. तून (जेव्हा) चा अख्खा तुकडा मिळून पहिली जागा धरतो, म्हणून 'कोन' दुसऱ्या जागी. स्वल्पविराम विसरू नका.