मेझर ए : इस्पितळांच्या नावाने घेतलेला कर इस्पितळांनाच मिळणार का?

जुना_सॅनहोजेकर : परवा इथे एकाने लिहिलं की, मेझर ए ला, म्हणजे आपल्या सांता क्लारा काउंटीच्या (कॅलिफोर्नियातला सॅन होजे आणि आसपासचा जिल्हा) विक्रीकर वाढीच्या प्रस्तावाला, विरोध करणारे गरिबांचे उपचार बंद पाडायला निघालेत. वाचून गप्प बसवेना. नोव्हेंबर 2025 मध्ये मी विरोधात मत दिलं, आजही देईन. डॉलरमागे 5/8 सेंट, पाच वर्षं, वर्षाला अंदाजे 33 कोटी डॉलर. प्रचार सगळा इस्पितळांचा, पण कर 'जनरल', म्हणजे कुठल्याही कामाला वापरता येणारा! 'स्पेशल' केला असता तर पैसा त्याच कामाला बांधला गेला असता, पण दोन तृतीयांश मतं लागली असती. जनरलला साधं बहुमत पुरतं. मग काउंटीचे पाच सुपरवायझर (निवडून आलेले कारभारी) दर वर्षीच्या बजेटमध्ये ठरवणार पैसा कुठे जाईल ते. शेजारच्या अलामेडा काउंटीत 2020 चा मेझर डब्ल्यू हा असाच जनरल कर बेघरांच्या नावाने आला. कोर्टकज्ज्यात पैसा काही वर्षं अडकला, आणि 2025 मध्ये सुपरवायझरांनी त्यातला 80 टक्केच बेघरांसाठी ठेवला.

रातपाळी : 80 टक्के म्हणजे फसवणूक का? मी नर्स आहे. विम्याशिवाय आलेला माणूस शेवटी कुठे येतो ते रोज बघते. काउंटीची चार इस्पितळं आहेत, मेडिकॅलवर (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) चालणारी. त्या विम्याचा पैसा कापणाऱ्या जुलै 2025 च्या केंद्रीय कायद्याने काउंटीचं वर्षाला शंभर कोटी डॉलरहून जास्त नुकसान होईल असा अंदाज आहे. 33 कोटींनी त्याचा एक तृतीयांशही भरत नाही. वळवायला उरतंय काय?

दुकानवाला : भरणार कोण? आम्ही! सॅन होजेत विक्रीकराचा एकूण दर 10 टक्क्यांवर गेला. आणि ॲपलचं काय? राज्यभरातली ऑनलाइन विक्री त्यांचं मुख्यालय असलेल्या क्युपर्टिनो शहराच्या नावावर, त्यातला स्थानिक एक टक्का शहराला, आणि शहर त्यातला वाटा कंपनीला परत करायचं. राज्याच्या करखात्याने हरकत घेईपर्यंत वर्षानुवर्षं चाललं.

क्युपर्टिनोची_सून : त्याची शिक्षा आम्हीच भोगली, 2023 ला शहराला खर्च छाटावा लागला. वाटा कंपनीने खाल्ला, बोलणी आम्हाला?

दुकानवाला : इतकी वर्षं बागा आणि रस्ते कोणाच्या पैशावर झाले? मिलपिटाससारख्या दुसऱ्या शहरातल्या गिऱ्हाइकाचा कर तुमच्या शहराने घेतला.

क्युपर्टिनोची_सून : मत मागायला माझ्या दारात आलेला नगरसेवक मी नव्हे. जपून बोला.

रातपाळी : अहो, तो एक टक्का शहराचा आहे. मेझर ए चा कर माल जिथे पोचतो तिथला लागतो. गाडी दुसऱ्या काउंटीत घेतली तरी नोंदणीच्या पत्त्याप्रमाणे भरावा लागतो. ॲपलचा इथे काय संबंध?

दुकानवाला : संबंध हाच की मोठ्यांना परतावा आणि आम्हाला वाढीव दर. किराण्यावर कर नाही म्हणतात, पण माझ्याकडे भांडी आहेत, तांदूळ नाहीत.

जुना_सॅनहोजेकर : 33 कोटींनी भागत नाही, हे बाईंचं मान्य करावं लागतं. पण माझी भीती वेगळी आहे. कराचा पैसा इस्पितळांना दिलेला दिसेल, आणि जनरल फंडातून (काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीतून) आधी जात होता तो तेवढाच कमी होईल. कागदावर वचन पाळलं, इस्पितळाच्या हाती शून्य. बजेटच्या सुनावणीत मी दोन्ही आकडे शेजारी मागणार.

रातपाळी : मागा. पण तोवर वॉर्ड बंद ठेवायला सांगू नका.