प्रतिसाद : यादी करतो कोण?

'स्टेकहोल्डरांची (कंपनीच्या कामाशी ज्यांचं हित जोडलेलं असतं त्यांची) यादी नीट झाली की सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचं, संशोधन रुळावर येईल' हे म्हणणं मला अर्धंच पटलं. (आपल्याकडे शेअरहोल्डर आणि स्टेकहोल्डर दोघांनाही 'भागधारक' म्हणतात, तिथूनच घोळ सुरू होतो.) यादी काढायची तर मधोमध कंपनी ठेवावी लागते, आणि तिच्याशी ज्याचा थेट धागा नाही तो कागदावर येतच नाही.

साखर कारखाना घ्या. सभासद शेतकरी, कायम कामगार, बँक, ग्राहक, सगळे यादीत बसतात. ऊसतोड कामगार? बीडहून आलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे 'एक कोयता', उचल घेते मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून. खाडा झाला तर पैसे कापतो तोही मुकादमच. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वळता होतो. मग कारखाना म्हणायला मोकळा, ही माणसं आमची नाहीत. 2019 मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया बातम्यांत आल्या, सरकारने समिती नेमली, तेव्हा कुठे या बायका लोकांना दिसल्या.

1997 साली मिचेल, एगल आणि वूड या संशोधकांनी, व्यवस्थापकाने कोणत्या स्टेकहोल्डरकडे लक्ष द्यायचं हे ठरवायला सत्ता, वैधता आणि निकड अशा तीन कसोट्या मांडल्या. निकड या कोयत्याकडे भरपूर आहे हो, पण व्यवस्थापकाला ती जाणवली तरच मोजली जाणार. नफ्यातले 2 टक्के सीएसआरवर खर्च करा म्हणणाऱ्या 2013 च्या कंपनी कायद्याचाही इथे उपयोग नाही, सहकारी कारखाने त्या कलमात येतच नाहीत. आणि ज्यावर हा ऊस उभा आहे त्या भूजलाचं काय? त्याच्या आणि कारखान्याच्या मधे तर मुकादमही नाही.