विषय: 27 डिसेंबरच्या मेळाव्याच्या फॉर्ममधला ‘बॅचलर’

प्रेषक: राहुरीकर, अबू हलीफा, कुवेत
14 नोव्हेंबर 2024

मंडळातल्या सर्व ताई-दादांना सलाम.

मेळाव्याचा फॉर्म काल मिळाला. भरायला बसलो आणि तिसऱ्या ओळीवर अडलो. ‘फॅमिली’ आणि ‘बॅचलर’ असे दोन चौकोन आहेत, एकावर खूण करायची. माझं लग्न 2013 साली झालं, आमच्या गावच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांपुढे, अख्ख्या मंडळीच्या साक्षीनं. दोन लेकरं आहेत. मी खूण कुठे करू?

उत्तर मला माहीत आहे. कुवेतला आल्यापासून नऊ वर्षं मी बॅचलरच आहे. खोली बघायला गेलं की हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, पहिलं तेच विचारतो. बायको देशात असली की माणूस इथे बॅचलर ठरतो, मग त्याची नातवंडं का असेनात. घरमालकानं कुटुंबांच्या वस्तीत आम्हाला ठेवलं तर पालिकेची माणसं येऊन घराची वीज तोडतात.

यंदा 12 जूनला मंगाफला पहाटे आग लागली, 45 भारतीय गेले. मी शेजारीच राहतो. माझा फोन त्या रात्री चार्जिंगला दुसऱ्या खोलीत होता. उठून पाहतो तर बायकोचे सव्वीस कॉल. मी फोन लावला तेव्हा ती बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. आग लागली ती इमारतही इथल्या भाषेत बॅचलरांचीच. गेलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी त्या सकाळी असाच फोन लावत बसले असतील.

फॅमिली व्हिसा 2022 पासून बंद होता. जानेवारीत उघडला तेव्हा मी केक आणून वाटला होता. मग अटी कळल्या: पदवी आणि 800 दिनार पगार. जुलैत पदवीची अट निघाली, 800 तशीच राहिली. आपल्याकडचे दोन लाख रुपयांच्या वर होतात. एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढा पगार कोण देतो? मला 350 मिळतात.

आमच्या घरी रात्री नऊला कुटुंबाची प्रार्थना होते. माझ्या आजोबांपासूनची पद्धत आहे. तिकडे नऊ वाजतात तेव्हा इथे साडेसहा, मी कंपनीच्या बसमध्ये असतो. मुलगी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवते. आई बायबलमधलं स्तोत्र 121 वाचते, घरातून कुणी लांब निघालं की वाचतात ते. आमच्याकडे नऊ वर्षं रोज तेच चालू आहे. माझ्या शेजारी बसणारा नेपाळी मित्र ती दहा मिनिटं स्वतःचं गाणं बंद ठेवतो, मी कधी सांगितलेलं नाही. धाकटा पाच वर्षांचा आहे. त्याचा बाप्तिस्मा मला सुटी मिळेपर्यंत, म्हणजे चौदा महिने, थांबवला होता. चर्चमध्ये तो माझ्या हातात यायलाच तयार नव्हता. पाळकसाहेबांनी त्याला आजीच्या कडेवरच पाणी लावलं.

परक्यांनी बॅचलर म्हटलं तर ऐकून घेतो. आपल्या माणसांनी मराठीत छापलेल्या फॉर्मवर तो शब्द नको, एवढीच विनंती.

*

प्रेषक: चिटणीस
14 नोव्हेंबर 2024

राहुरीकर दादा,

तुमचा मेल ऑफिसमध्ये वाचला आणि उठून बाहेर जाऊन आले. फॉर्म मीच तयार केला आहे. दहा वर्षांपूर्वीचा जुना फॉर्म होता, त्यावरूनच नवा केला, त्या शब्दाकडे लक्षही गेलं नाही. मंडळाच्या वतीनं आणि माझ्या वतीनं क्षमा मागते.

कारण सांगते, सबब म्हणून नाही. हॉलवाले एकट्या पुरुषांची संख्या आधी विचारतात आणि ती जास्त झाली तर कुरकुर करतात. त्यामुळे आमच्याच डोक्यात ते दोन रकाने बसले. आज रात्री नवा फॉर्म येईल. त्यात ‘इथे हजर किती’ आणि ‘घरी देशात किती’ असे दोन आकडे असतील. हॉलवाल्यांना काय सांगायचं ते आम्ही बघू.

*

प्रेषक: वसईचे अंकल, सालमिया
15 नोव्हेंबर 2024

राहुरीकर भाऊ, वयानं मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

मी 1984 साली आलो. तेव्हा फोन म्हणजे तीन मिनिटांचा, तोही महिन्यातून एकदा. आम्ही कॅसेट पाठवायचो. गावाकडे संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची, माझी मिसेस टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून ती सगळी त्यात भरायची. सुट्टीवरून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ती कॅसेट माझ्याकडे यायची. मागे कोंबड्यांचा आवाज, मध्येच धाकटीचं खोकणं. मी खोलीत एकटा त्या प्रार्थनेची उत्तरं द्यायचो. ऑगस्ट 1990 मध्ये इराकी फौज आली तेव्हा सगळं टाकून निघालो. अम्मानहून आम्हा लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी घरी नेलं. माझ्या पिशवीत पासपोर्ट, एक शर्ट आणि चार कॅसेट होत्या.

तुला हे सांगतो, कारण त्यानंतरचं कुणी सांगत नाही. मी घरी पोचलो आणि माझ्याच घरात पाहुणा झालो. सगळ्यात चांगली खुर्ची मला, पहिला तळलेला फुगा माझ्या ताटात, पण शाळेच्या प्रगतीपुस्तकावर सही घ्यायला पोरं आईकडेच जायची. मिसेसनं सहा वर्षं एकटीनं सगळं ओढलं होतं. आजारपणं, सासूबाई, विहिरीच्या पंपाचं भांडण. मी आल्या आल्या हुकूम सोडायला लागलो. आमच्या पॅरिशच्या फादरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, वर्षभर नुसतं ऐकून घे. ते वर्ष मला कुवेतपेक्षा जड गेलं. मग 1992 ला पुन्हा इथे आलो, पण दर रविवारी तिला पत्र लिहून विचारायचो, सल्ला द्यायचा नाही असं ठरवून.

तू पैसे पाठवतोस, प्रार्थनेला हजर राहतोस, हे मोठं आहे. पण पोराच्या वर्गशिक्षिकेचं नाव तुला माहीत आहे का? नसेल तर आज विचार.

आणि फेब्रुवारीपासून व्हिजिट व्हिसा सुरू झाला आहे, महिनाभरासाठी. बायको-मुलांसाठी पगाराची अट 400 आहे. कंपनीकडून काही होतं का बघ.

*

प्रेषक: मिरजेची सिस्टर, फरवानिया
15 नोव्हेंबर 2024

सगळ्यांना सलाम.

अंकल, तुमचं वाचून रडू आलं. पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. घरून निघणारा तो पुरुषच, असं सगळे धरून चालतात. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत कितीतरी वेळा आईच निघते. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल उभारलं, तिथे माझी आजी नर्स होती, मग आई, मग मी. नर्सिंगनं आमच्या घरातल्या बायकांना शंभर वर्षांपूर्वी पगार दिला, मान दिला. तोच पगार पुढे आम्हाला आखातात घेऊन आला.

मी आले तेव्हा मुलगी अकरा महिन्यांची होती. पहिले चार दिवस हॉस्टेलच्या बाथरूममध्ये दूध पिळून टाकत होते. नळ सोडून ठेवायचे, कुणाला आवाज जाऊ नये म्हणून. पुरुषाला इथे निदान बॅचलर म्हणतात. मला विचारतात, लेकराला टाकून आलीस? आमच्या चर्चमधल्या एका बाईंनी हे प्रार्थनेनंतर, हातात हात धरून विचारलं. टाकून नाही आले. तिच्या आजीच्या मांडीवर ठेवून आले, आणि तिचे वडील रोज तिची वेणी घालतात. त्यांना आता माझ्यापेक्षा चांगली जमते.

इथे शुक्रवारी सुटी, म्हणून आमचं संडेस्कूलसुद्धा शुक्रवारी भरतं. गुड फ्रायडेला आपोआप सुटी असते, पण ईस्टरच्या सकाळी मी ड्यूटीवर असते. यंदा नातेवाइकांची भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डातल्या मल्याळी सिस्टरनं आणि मी औषधांच्या ट्रॉलीपाशी उभं राहून एक गीत म्हटलं, आवाज न करता, नुसते ओठ हलवून.

एक कामाची गोष्ट. ज्यांना पुढेमागे कुटुंब आणायचं आहे त्यांनी कागद आत्ताच नीट करून घ्या. आमचा चर्चच्या वहीतला लग्नाचा दाखला तेवढ्यावर चालला नाही, सरकारी नोंदीचा उतारा काढावा लागला, मग मुंबई, दिल्ली आणि शेवटी कुवेतचा दूतावास असे शिक्के. माझं बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. आपल्या लोकांत हे घरोघरी आहे. एका नावापायी माझे सात महिने गेले. कुणाला अर्ज लिहून हवा असेल तर मला मेल करा, मी लिहून देईन.

*

प्रेषक: राहुरीकर, अबू हलीफा
16 नोव्हेंबर 2024

चिटणीस ताई, नवा फॉर्म मिळाला. ‘इथे हजर: 1. घरी देशात: 4.’ आईला धरून चार लिहिले. फोटो काढून घरी पाठवला, तर मुलीनं विचारलं, आपण सगळे त्या कागदावर आहोत का? हो म्हटलं.

अंकल, माझे 350 आहेत, 400 ला पन्नास कमी पडतात. मुदीरशी, म्हणजे मॅनेजरशी बोललो, जानेवारीनंतर बघू म्हणाला. वर्गशिक्षिकेचं नाव मला खरंच माहीत नव्हतं. काल विचारलं. धाकट्यानंच सांगितलं, आणि त्या चिडल्या की चष्मा कसा वर करतात तेही करून दाखवलं. पंधरा मिनिटं तोच बोलत होता, प्रार्थनेला उशीर झाला.

सिस्टर, तुमचा मेल बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्यांना सांगा, आमच्या प्रार्थनेत आजपासून त्यांच्या लेकीचं नाव असेल. तेवढं नाव कळवा.

ताई, एक विचारायचं राहिलं. मेळावा साडेसहाला सुरू होतो असं लिहिलंय. सातला ठेवता येईल का? नाहीतर मी दहा मिनिटं बाहेर जिन्यात उभा राहीन, तसंही चालेल.