मदत हवी आहे: सिम्युलान्स नर, मेलॅनोगॅस्टर मादी. नकार नक्की कोणाचा?

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर आणि ड्रोसोफिला सिम्युलान्स या दोन फळमाश्यांवर काम करते आहे. पिकल्या केळ्यांवरून आपण जी चिलटं हाकलतो, त्यातल्याच या. माद्या तर भिंगाखालीही वेगळ्या ओळखता येत नाहीत. नर जननांगाच्या कमानीवरून कळतात. संकर झाला तरी वंश पुढे जात नाही: मेलॅनोगॅस्टर मादीला सिम्युलान्स नरापासून होतात त्या वांझ मुली, मुलगे अळीतच मरतात. आनुवंशशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंटने १९२० मध्येच हे दाखवलं होतं.

मला त्याच्या आधीचं पाहायचं आहे. सिम्युलान्स नर या मादीला पुढच्या पायाने स्पर्श करतो आणि मागे फिरतो. तिच्या अंगावरचं ७,११-हेप्टाकोसाडाईन हे रसायन तिच्याच जातीच्या नराला चेतवतं, याला थोपवतं. इथवर समजलं. पण काही नर तरीही पंख थरथरवून गातात, आणि मग मादी लाथा झाडते, पळते. गाणंही वेगळंच: दोन ठोक्यांतलं अंतर मेलॅनोगॅस्टरमध्ये साधारण ३५ मिलिसेकंद, सिम्युलान्समध्ये ५० च्या आसपास. वहीत नुसतं 'मीलन नाही' लिहिलं, तर नकार कोणाचा हे कसं कळणार?

शिवाय दोन्ही जातींच्या माद्या एकत्र ठेवायच्या तर खूण कशी करावी? चमकती पूड टाकली तर अंगावरचं रसायनच झाकलं जाईल अशी भीती वाटते.

प्रतिसाद १
पूड नकोच. आदल्या रात्री रवा-गुळाच्या खाद्यात खायचा रंग घाला, पोट रंगीत दिसतं. रंग दोन्ही जातींत आलटूनपालटून वापरा. नराचं मन पाहायचं तर मादीचं डोकं काढून ठेवतात. ती काही तास उभी राहते पण पळत नाही, अंगावरचं रसायन तसंच राहतं. दहा मिनिटांचं चित्रण करा आणि त्यातला किती वेळ नर तिच्या मागे होता ते टक्क्यांत काढा. मादीची बाजू तपासायला पंख कापलेले आणि पंख असलेले नर शेजारी शेजारी ठेवा. आणि ताई, उजेड हवाच. अंधारात सिम्युलान्सचं मीलन फार घटतं, मेलॅनोगॅस्टरचं तितकं नाही.

प्रतिसाद २
डोकं काढलेली सिम्युलान्स मादीही तुलनेला ठेवा, नाहीतर नर रसायनामुळे थांबला की मादी हलत नाही म्हणून, हे सांगता येणार नाही. कार्बन डायऑक्साइडची भूल देत असाल तर चाचणीपूर्वी एक दिवस जाऊ द्या.