जिओग्रिड घातली तरी भराव खचणारच

मऊ जमिनीवर रस्त्याचा भराव घालताना खाली जिओग्रिड (प्लॅस्टिकची मजबूत जाळी) घातली की भराव खचत नाही, असं म्हटलं जातं. ते पटत नाही. तळाशी ताणून अंथरलेली ग्रिड भराव बाजूला सरकू देत नाही, तो फाकून कोसळण्यापासून वाचवते. पण खालच्या मऊ चिकणमातीतलं पाणी निघेल तसतशी जमीन दबतच राहते. ते लवकर उरकायचं तर उभे निचरा-पट्टे (चिकणमातीतलं पाणी बाहेर काढणाऱ्या, जमिनीत उभ्या खुपसलेल्या पट्ट्या) घाला, भराव टप्प्याटप्प्यानं चढवा आणि मधे थांबा. थांबायला कुणी तयार नसतं, खरं दुखणं तेच!

टप्प्याटप्प्यानं का, याचा साधा हिशोब बघा. मातीची निचऱ्याविना कातर-ताकद (पाणी निघायला वेळ न मिळता सरकण्याला होणारा विरोध) १० किलोपास्कल असेल तर माती त्याच्या साधारण ५.१४ पट, म्हणजे जेमतेम ५१ किलोपास्कल भार पेलते. भरावाचा भार दर मीटरला सुमारे २० किलोपास्कल धरला तर ही क्षमता अडीच मीटर भरावातच संपली. आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) ११३ (२०१३) ही मार्गदर्शिका याच विषयावर आहे, जरूर वाचा.

साइटवर एक गोष्ट डोळ्यांनी तपासा: ग्रिडची जास्त ताकदीची दिशा रस्त्याला आडवी हवी आणि त्या दिशेत जोड नको. रोल रस्त्याच्या लांबीला उलगडणं सोपं जातं, म्हणून नेमकं उलटं होतं.

पुण्यात मात्र बऱ्याच ठिकाणी काळी माती उथळ असते, खाली मुरूम लागतो. तिथे माती काढून मुरूम भरा. ग्रिडचा खर्च कशाला?