कोल्हापुरी चपलांच्या घरगुती ऑनलाइन दुकानासाठी सल्ला हवा आहे

पंचगंगाकाठ:

नमस्कार. माझ्या सासरी तीन पिढ्यांपासून कोल्हापुरी चपला तयार होतात. तळ कापण्यापासून वेणी विणण्यापर्यंतचे सर्व काम सासरे आणि दोन कारागीर आजही हातानेच करतात. पूर्वी आमचा माल कोल्हापुरातील चप्पल लाइन या बाजारातील दुकानदारांकडे जात असे; दोन वर्षांपूर्वी मी एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळ करून घेतले आणि थेट विक्री सुरू केली. त्याचा दुवा माझ्या परिचयाच्या पानावर दिला आहे.

अडचण अशी आहे की लोक येतात, पाहतात आणि निघून जातात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये दाखवलेल्या चपलांवरून कोल्हापुरीची चर्चा देशभर झाली, तेव्हा काही आठवडे आमच्या संकेतस्थळाच्या भेटी कितीतरी पटींनी वाढल्या, मात्र मागण्या जवळजवळ होत्या तेवढ्याच राहिल्या. जे जोड विकले जातात त्यांतील दहापैकी तीन परत येतात आणि बहुतेकांचे कारण माप न जुळणे हेच असते. जाण्यायेण्याचा कुरियरचा खर्च आमच्या माथी बसतो.

दिवाळीपूर्वी जाहिरातीसाठी पंधरा हजार रुपये बाजूला काढले आहेत. ते इन्स्टाग्रामवर खर्च करावेत की आधी संकेतस्थळ सुधारावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निळीशाई:

ताई, जाहिरातीचे पैसे तूर्त राखून ठेवा. भेटी वाढूनही मागण्या वाढल्या नाहीत, यावरून उणीव पाहणाऱ्यांच्या संख्येत नसून त्यांना पानावर जे सापडत नाही त्यात आहे, असे मला वाटते. मी आपले संकेतस्थळ मोबाइलवर पाहिले. मापाच्या रकान्यात ६, ७, ८, ९ असे आकडे आहेत, पण ८ म्हणजे किती सेंटिमीटर, हे कोठेही लिहिलेले नाही. बुटांच्या प्रत्येक कंपनीचा आठ नंबर थोडा निराळा असतो, त्यामुळे ग्राहक अंदाजाने नंबर निवडतो आणि त्या अंदाजाची किंमत आपण कुरियरच्या रूपाने मोजता.

यात कोल्हापुरीची स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती आपल्या घरात सर्वांना ठाऊक असल्यामुळेच लिहायची राहून गेली असावी. कातडी चप्पल नवी असताना अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली आवळते, आणि वापराने पायाच्या आकाराप्रमाणे सैल होते. पहिल्यांदा घेणाऱ्याला हे माहीत नसते, म्हणून तो पहिल्याच दिवशी जोड परत करतो किंवा मुद्दाम एक नंबर मोठा मागवतो आणि महिन्याभरात चप्पल पायातून निसटू लागल्याची तक्रार करतो. प्रत्येक जोडाच्या पानावर, मापाच्या रकान्याच्या अगदी वर, हे दोन वाक्यांत लिहावे.

मापाची रीतही तेथेच द्यावी: संध्याकाळी, म्हणजे पाय किंचित फुगलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी, चवड्याची रुंदीही घ्यावी आणि दोन्ही पायांपैकी जो मोठा असेल त्याचे माप धरावे. मागणी आल्यावर त्या कागदाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर मागवून घेतले आणि मगच जोड पाठवला, तर परतीचा बराचसा त्रास निघण्याआधीच थांबेल. यासाठी रोज थोडा वेळ द्यावा लागेल, पण आपल्याएवढ्या दुकानाला तो देता येतो आणि मोठ्या दुकानांना देता येत नाही.

माझ्या मते घरपोच रोख रक्कम घेण्याची सोयही बंद करावी.

आडवाट:

मापाविषयी पूर्ण सहमत आहे, मात्र रोखीची सोय सरसकट बंद करू नये. अनोळखी दुकानात पहिली खरेदी करणारा माणूस, विशेषतः लहान गावातला, आधी पैसे देण्यास कचरतो. दोनशे रुपये यूपीआयने आगाऊ घ्यावेत आणि उरलेली रक्कम घरपोच घ्यावी. ज्याने थोडे तरी पैसे भरले आहेत तो सहसा पार्सल नाकारत नाही.

छायाचित्रांकडेही लक्ष द्या. पहिल्या पानावर पाच मोठी चित्रे आळीपाळीने सरकतात आणि तोवर मोबाइल अडकून राहतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे, आणि आपले पान कोठे अडते हे त्यांच्या पेजस्पीड इनसाइट्सवर विनामूल्य तपासता येते. सरकती चित्रे काढून एकच ठेवा आणि सर्व छायाचित्रे वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात लहान करून चढवा. प्रत्येक जोडाचे तळाचे, बाजूने जाडी दाखवणारे आणि प्रत्यक्ष पायात घातलेले असे छायाचित्र हवे. ती दाराजवळ, थेट उन्हात नव्हे तर सावलीतल्या उजेडात काढा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा रंग प्रत्येक तुकड्यात थोडा वेगळा येतो आणि तेलपाण्याने पुढे गडद होतो, हे छायाचित्राखालीच लिहिले, तर रंगाच्या तक्रारीही कमी होतील.

पंचगंगाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. संकेतस्थळ करणाऱ्याने जोडांना ‘रॉयल क्लासिक ०४’ अशी नावे दिली आहेत. ती बदलावीत का? आणि भौगोलिक मानांकनाचे (जीआय, म्हणजे वस्तू ठरावीक प्रदेशातली असल्याची सरकारी नोंद) चिन्ह पानावर लावले तर विश्वास वाढेल का?

दप्तरदार:

नावे अवश्य बदला. ‘रॉयल क्लासिक’ असे शोधत कोणी कोल्हापुरीपर्यंत येणार नाही. ‘पुरुषांसाठी कापशी कोल्हापुरी चप्पल, हातशिलाई’ असे चपलेचा प्रकार सांगणारे सरळ नाव द्या आणि वर्णन मराठीबरोबर इंग्रजीतही ठेवा. लोक नेमके कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत येतात, हे संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगल सर्च कन्सोल या साधनात दिसते. महिन्यातून एकदा ती यादी वाचून त्यातील शब्द वर्णनात आणावेत.

मानांकनाच्या बाबतीत मात्र घाई करू नका. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे, म्हणून आपण त्या क्षेत्रात बसता. तरीही १९९९ च्या कायद्यानुसार उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. सासऱ्यांच्या नावे अर्ज करा, आणि नोंदणी हाती आल्यावरच चिन्ह लावा.

विश्वासासाठी याहून सोपी गोष्ट आजच करता येईल. आपल्या संकेतस्थळावर पत्ता नाही, तक्रार कोणाकडे करायची तेही नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे आवश्यक आहे. परतीची अट आणि तिचा खर्च कोण उचलणार, हेही पैसे भरण्याआधी दिसले पाहिजे.

निळीशाई:

दोनशे रुपये आगाऊ घेण्याची सूचना माझ्या सूचनेपेक्षा चांगली आहे, तीच स्वीकारावी. जाहिरातीविषयी एवढेच सुचवतो की हे बदल झाल्यावर पंधरापैकी तीन हजार रुपयेच आधी खर्च करा, आणि जाहिरातीत सासरे वेणी विणताना दिसू द्या. तोवर जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर नव्या जोडांची छायाचित्रे पाठवण्यास काहीच खर्च येत नाही. मात्र ज्यांनी संमती दिली आहे त्यांनाच पाठवावीत.

पंचगंगाकाठ:

आज दुपारी सासऱ्यांना कागदावर उभे केले आणि त्यांच्या पायाचा नमुना काढला. लांबी २६.३ सेंटिमीटर आली आणि ते आमच्याकडचा ८ नंबर वापरतात. हाच कागद, त्यावरील खुणांसह, मापाच्या नव्या पानावर लावला आहे आणि प्रत्येक नंबरासमोर सेंटिमीटर लिहिले आहेत. सरकती चित्रे काढून टाकली. लहान मोबाइलवर ते आकडे नीट वाचता येतात का, हे कृपया कोणीतरी पाहून सांगावे.